ड्युअल बूटवरून एकाच सिस्टिमवर येताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत माझं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड, वसमत इकडून लोक येतात. कॉलेजची पोरं असतात, डीटीपीवाले, सेवा केंद्रवाले, शाळेतले सर-मॅडम असतात. अलीकडे एक काम सारखं यायला लागलंय: मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही सिस्टिम आहेत (यालाच ड्युअल बूट म्हणतात), आता एकच ठेवायचं. काम अवघड नाही. पण क्रम चुकला की मशीन सुरू होत नाही, आणि घाई केली की दहा वर्षांचे फोटो एका क्लिकमध्ये जातात. फोनवर तेच तेच सांगताना काहीतरी सुटतं, म्हणून सगळं इथे लिहून ठेवलंय. खाली कुठलंही उत्तर वाचा, त्यात एक गोष्ट येईलच: पुसायचं ते सगळ्यात शेवटी.

दोन्ही सिस्टिम नीट चालू आहेत. मग एक काढायचीच कशाला?

दोन्ही खरंच वापरात असतील आणि जागा पुरत असेल तर काढू नका. ड्युअल बूट हा काही आजार नाही.

काढायची वेळ बहुतेक जागेमुळे येते. २५६ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये २३८ जीबीच दिसते. त्यातले ८० जीबी लिनक्सला दिले आणि लिनक्स वर्षभर उघडलंच नाही, तर ती जागा अडून पडलेली असते आणि इकडे सी ड्राइव्हची पट्टी लाल. शिवाय वर्षभर न उघडलेल्या सिस्टिमला अपडेटही मिळालेले नसतात.

दुसरं कारण म्हणजे विंडोज १०. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून "आता काय ठेवावं?" असं विचारणारे वाढलेत.

मग ठेवायचं काय, विंडोज की लिनक्स?

मशीनवर रोज काय काम होतं ते बघा. कोण काय म्हणतं त्यावर जाऊ नका.

टॅली आहे, कोरलड्रॉ आणि पेजमेकरवर लग्नपत्रिका होतात, श्रीलिपीचा डोंगल लावावा लागतो, टायपिंगच्या सरकारी परीक्षेचा सराव चालतो, बोटांचे ठसे घेणारं यंत्र जोडलेलं आहे, तर विंडोज ठेवा. या गोष्टी लिनक्सवर आणण्याची खटपट होऊ शकते, पण दारात गिऱ्हाईक उभं असताना ती खटपट परवडत नाही. डिजिटल सहीच्या टोकनचंही तसंच. लिनक्ससाठी काही टोकनांचे ड्रायव्हर मिळतात, पण आपल्या टोकनचा आहे का, ते आधी लावून बघा.

अभ्यास, ब्राउझर, पत्रं, पीडीएफ, ऑनलाइन क्लास, प्रोग्रामिंग एवढंच काम असेल तर लिनक्स भरपूर झालं. जुन्या मशीनवर तर तोच चांगला पर्याय. विंडोज ११ ला टीपीएम २.० (प्रोसेसरमधली किंवा मदरबोर्डवरची सुरक्षेची सोय) लागतं, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच चालतो. दहा-बारा वर्षांपूर्वीचा आय-थ्री त्यात बसत नाही. पण त्याच मशीनवर रॅम ८ जीबी केली, एसएसडी टाकली आणि लिनक्स मिंट २२ घातलं, तर २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळत राहतात. चालू मशीन भंगारात जाताना बघून मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

लिनक्स मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा. मराठी आवाजात आहेत आणि फुकट आहेत.

ठरतच नाही. काय करू?

आठ दिवस एकाच सिस्टिमवर काढून बघा, आणि तेवढे दिवस काहीही पुसू नका. जी ठेवायची वाटते तीच रोज सुरू करा. प्रिंटर लावा, स्कॅनर लावा, बँकेची साइट उघडा, व्हिडिओ कॉल करून बघा. आठवड्यात किती वेळा दुसऱ्या सिस्टिमकडे जावं लागलं आणि कशासाठी, ते वहीत लिहून ठेवा. एका मॅडमनी वहीत एकच ओळ लिहून आणली होती: शाळेचा जुना प्रिंटर. त्या प्रिंटरचा लिनक्सचा ड्रायव्हर टाकून दिला आणि प्रश्न मिटला.

पुसण्याआधी काय काय जपून ठेवायचं?

डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सची कॉपी सगळेच घेतात. जातं ते बाकीचं.

विंडोज काढणार असाल तर डाउनलोड्स फोल्डर बघा, व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून उतरवलेलं सगळं तिथे असतं. टॅलीचा डेटा फोल्डर बघा, तो कधी सी ड्राइव्हच्या मुळाशीच असतो. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क घ्या. मराठी फॉन्टच्या फाइली घ्या, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय. घरात दोन-तीन जणांची खाती असतील तर प्रत्येकाचा फोल्डर उघडून बघा. मुलीच्या खात्यातला प्रोजेक्ट बापाच्या डेस्कटॉपवर दिसत नसतो.

लिनक्स काढणार असाल तर आख्खा होम फोल्डर घ्या, लपलेल्या फाइलींसकट. कंट्रोल आणि एच दाबलं की त्या दिसतात. ब्राउझर आणि मेलचा सगळा ऐवज त्यात असतो. ही कॉपी लिनक्स चालू असतानाच घ्यायची, कारण लिनक्सचं ईएक्सटी४ पद्धतीचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) विंडोजला उघडता येत नाही. विंडोज उलट "हे फॉरमॅट करू का?" असं विचारतं, आणि घाईत हो म्हटलेले लोक मी बघितलेत.

कॉपी वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवलेल्या कॉपीला मी बॅकअप धरत नाही. कॉपी झाली की ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावा आणि दहा-वीस फाइली उघडून बघा. फोटो उघडला, एक्सेल उघडलं, व्हिडिओ मधूनच चालवून बघितला, तरच बॅकअप झाला म्हणा.

बिटलॉकर म्हणजे काय? मी तर कधी लावलंच नाही.

विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की पुष्कळदा डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते, त्या कुलपाचं नाव बिटलॉकर. तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो. मग बूटचा क्रम बदलला किंवा सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारं सेटिंग) बंद केलं की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि त्या खात्याचा पासवर्ड लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानात कुणीतरी टाकलेला असतो.

म्हणून कामाला हात लावण्याआधी खात्यात शिरून ते ४८ आकडे कागदावर उतरवा. मग कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर थोडा वेळ थांबवा. सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' एवढंच दिसत असेल तर ते बंद करून डिस्क पूर्ण उघडी होईपर्यंत थांबा. हे आकडे सापडत नसतील तर पुढे जाऊच नका.

माझं मशीन यूईएफआय आहे की जुन्या बायोसचं, कसं कळणार?

मशीन सुरू करून डिस्कवरची सिस्टिम उघडण्याच्या या दोन पद्धती आहेत. विंडोजच्या स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा. त्यात 'बायोस मोड' अशी ओळ असते. समोर 'यूईएफआय' असेल तर नवी पद्धत, 'लेगसी' असेल तर जुनी. हे कळल्याशिवाय पुढचं उत्तर वाचू नका, कारण दोन्हीचा मार्ग वेगळा आहे.

विंडोज ठेवायचं, लिनक्स काढायचं. कसं करू?

यूईएफआय असेल तर असं करा. मशीन सुरू करताना सेटिंगमध्ये शिरा. बहुतेक मशीनवर एफ२, डिलीट किंवा एफ१० या बटणाने जाता येतं. बूटच्या यादीत 'उबुंटू' (लिनक्सचाच एक प्रकार) वर असेल आणि 'विंडोज बूट मॅनेजर' खाली. विंडोज वर आणा, सेव्ह करा. मिंट असलं तरी यादीत नाव 'उबुंटू'च दिसतं, त्याने गोंधळू नका. आता मशीन तीन-चार वेळा बंद-चालू करा. ग्रबचा, म्हणजे कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामचा, मेनू न येता थेट विंडोज आलं पाहिजे. आलं तर इथेच थांबा आणि वर सांगितलेले आठ दिवस काढा. लिनक्स अजून जागेवर आहे, काही अडलं तर परत जाता येतं.

आठ दिवसांनी विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट (डिस्कचे भाग दाखवणारं टूल) उघडा. लिनक्सच्या पार्टिशनना तिथे अक्षर नसतं, फाइल सिस्टिमचं नावही नसतं, नुसता आकार दिसतो. म्हणून आधीच लिनक्समधल्या 'डिस्क्स' या प्रोग्राममधून कोणतं पार्टिशन किती जीबीचं आहे ते कागदावर लिहून आणायचं आणि इथे जुळवायचं. जुळलं त्याच्यावर राइट क्लिक, 'डिलीट व्हॉल्यूम'. तिथे काळी पट्टी आली की जागा मोकळी झाली.

'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' आणि 'रिकव्हरी' लिहिलेल्या पार्टिशनला हात लावायचा नाही. ईएफआय पार्टिशन पुष्कळदा १०० एमबीचंच असतं, म्हणून लोकांना ते फालतू वाटतं. विंडोज सुरू होण्याची फाइल त्यातच असते. लिनक्सचा छोटा फोल्डरही त्यात उरतो, तो राहू द्या. काही एमबीसाठी तिथे खणण्यात अर्थ नाही.

जुन्या बायोसचं मशीन असेल तर आधी दुसऱ्या कम्प्युटरवर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह करा, ८ जीबीचा पुरतो. त्यावरून मशीन सुरू करून 'रिपेअर युअर कम्प्युटर' मध्ये जा, तिथून कमांड प्रॉम्प्ट घ्या आणि बूटरेक ही कमांड फिक्सएमबीआर लावून चालवा. डिस्कच्या अगदी सुरुवातीला बसलेला ग्रब जातो आणि त्या जागी विंडोजचा कोड येतो. पार्टिशनना धक्का लागत नाही. पेनड्राइव्ह काढून मशीन थेट विंडोजमध्ये गेलं की मगच लिनक्सचं पार्टिशन पुसायचं.

मी आधीच पुसून टाकलं. आता काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' येतंय. सगळं गेलं का?

नाही. बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं.

मागच्या उन्हाळ्यात गंगाखेडकडचा एक पोरगा एसटीने आला. सीपीयू खताच्या पांढऱ्या पोत्यात घालून सुतळीने बांधलेला. पोतं खाली ठेवायच्या आतच म्हणाला, "दादा, कालपासून चालूच होईना गेलंय. नुसतं काळं यायलंय. बहिणीच्या नीटच्या सगळ्या नोट्स हायेत त्यात." त्याला बसवलं, पाणी दिलं, सीपीयू लावला. पडद्यावर दोनच गोष्टी: 'नो सच पार्टिशन' ही एरर, आणि खाली 'ग्रब रेस्क्यू' लिहून लुकलुकणारी रेघ. त्याने डिस्क मॅनेजमेंटमधून ६० जीबीचं लिनक्स पुसलं होतं. जागा मोकळी झाली आणि रिस्टार्ट केल्यावर हे.

घडतं ते असं. ग्रबचा एक छोटा तुकडा डिस्कच्या तोंडाशी असतो आणि त्याचा बाकीचा संसार लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. पार्टिशन गेलं की तोंडाशी बसलेल्या तुकड्याला पुढचं काही सापडत नाही. विंडोज आत शाबूत असतं, फक्त त्याला हाक मारणारं कुणी उरत नाही. पेनड्राइव्ह लावून वर सांगितलेली कमांड चालवली, दहा मिनिटांत विंडोज उघडलं. नोट्सचा फोल्डर जिथल्या तिथे होता. त्या पोराने तिथूनच बहिणीला फोन लावला.

यूईएफआय मशीनवर तर पेनड्राइव्हही लागत नाही. मशीन सुरू होताना बूट मेनूचं बटण दाबा: डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एस्केप दाबून एफ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. यादीतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा. विंडोज उघडेल. मग सेटिंगमध्ये जाऊन त्याला कायमचं वर आणा. काळा पडदा बघून घाबरून विंडोज नव्याने टाकायला घेऊ नका. फाइली जातात त्या याच वेळी.

जागा मोकळी झाली, पण सी ड्राइव्ह वाढत नाही. 'एक्सटेंड व्हॉल्यूम' अंधुक दिसतंय.

विंडोज सी ड्राइव्हच्या लगेच उजवीकडे असलेली मोकळी जागाच घेऊ शकतं. मध्ये रिकव्हरी किंवा डी ड्राइव्ह आला की बटण चालत नाही. जुन्या एमबीआर पद्धतीच्या (पार्टिशनची यादी ठेवण्याची जुनी पद्धत) डिस्कवर मोकळी जागा काळ्याऐवजी हिरवी दिसत असेल तर ती एक्सटेंडेड पार्टिशनच्या (ज्याच्या आत आणखी ड्राइव्ह बसतात) आत आहे. तिच्यातून डी वाढेल, सी नाही. 'डायनॅमिक डिस्क करू का?' असं विचारलं तर नाही म्हणा.

माझा सल्ला सरळ आहे: मोकळ्या जागेचा नवा ड्राइव्ह करा आणि फोटो, व्हिडिओ, डाउनलोड तिकडे हलवा. सी आपोआप मोकळा होतो. पार्टिशन सरकवून सी वाढवण्याच्या नादाला शक्यतो लागू नका. का, ते पुढच्या उत्तरात.

पार्टिशन सरकवायला इतकं का घाबरता?

कारण माझं स्वतःचं गेलंय.

दुकान नवं होतं तेव्हाची गोष्ट. घरच्या मशीनवर ५०० जीबीची हार्डडिस्क होती. विंडोज काढून लिनक्सचं पार्टिशन डावीकडे ओढायला जीपार्टेड (पार्टिशन कापण्या-सरकवण्याचा प्रोग्राम) लावलं. सरकवायचं म्हणजे प्रत्येक ब्लॉक उचलून दुसरीकडे ठेवायचा. भरलेल्या हार्डडिस्कवर याला कित्येक तास लागतात. दुपारी सुरू केलं, संध्याकाळी लाइट गेली. यूपीएस दोन मिनिटं ओरडला आणि बंद पडला. पार्टिशनचा अर्धा भाग नव्या जागी, अर्धा जुन्या. कुठलीच सिस्टिम ते उघडेना. बहिणीच्या लग्नाचे फोटो त्यात होते आणि दुसरीकडे कॉपी नव्हती. फोटोरेक (गेलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम) लावून आठवडाभर उकरलं तेव्हा हजारो फाइली निघाल्या, पण एकीलाही नाव नाही आणि कित्येक फोटो अर्धे करडे. वडील अक्षता टाकतानाचा फोटो मिळालाच नाही. वडील आता नाहीत.

आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की तर नाहीच. सरकवायचंच असेल तर चार्ज केलेल्या बॅटरीचा लॅपटॉप हवा किंवा इन्व्हर्टर हवा, आणि त्याआधी तपासलेला बॅकअप हवाच. डेस्कटॉपला नुसता यूपीएस असेल तर त्याची बॅटरी किती मिनिटं टिकते ते आधी मोजा.

माझ्या मशीनमध्ये एसएसडी आणि जुनी हार्डडिस्क दोन्ही आहेत. विंडोज एसएसडीवर आहे, मग हार्डडिस्क फॉरमॅट केली तर चालेल ना?

आधी तपासा. जुन्या मशीनमध्ये नंतर एसएसडी टाकली की हा घोटाळा नेहमी होतो. विंडोज टाकताना जुनी डिस्कही जोडलेली असेल आणि तिच्यावर ईएफआय पार्टिशन असेल, तर विंडोज एसएसडीवर जातं पण सुरू होण्याच्या फाइली जुन्या डिस्कवरच बसतात. मग जुनी डिस्क फॉरमॅट केली की नवी एसएसडीही सुरू होत नाही, आणि माणूस एसएसडी खराब निघाली म्हणत दुकानात येतो.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'डिस्क ०' आणि 'डिस्क १' अशा दोन ओळी दिसतील. 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' कोणत्या ओळीत आहे ते बघा. डेस्कटॉप असेल तर आणखी खात्रीची परीक्षा: मशीन बंद करून हार्डडिस्कची केबल काढा आणि सुरू करा. विंडोज आलं तर बिनधास्त फॉरमॅट करा. नाही आलं तर जुन्या डिस्कवरचं ईएफआय पार्टिशन तेवढं ठेवा, बाकीचं पुसा.

लिनक्स ठेवायचं, विंडोज काढायचं. हे सोपं की अवघड?

सुरू होण्याच्या बाबतीत सोपं, कारण ग्रब आधीच लिनक्सचा असतो. पण विंडोज शेवटचं बंद करण्यापूर्वी काही कामं त्यातूनच करून घ्या. बायोसचं अपडेट काही कंपन्या विंडोजमधूनच देतात, ते घालून टाका. मीडिया क्रिएशन टूलने विंडोजचा एक पेनड्राइव्ह करून ठेवा, पुढे मशीन विकायचं झालं तर कामाला येतो. डी ड्राइव्ह ठेवणार असाल तर फास्ट स्टार्टअप बंद करा आणि शिफ्ट दाबून पूर्ण शटडाउन करा. नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्स त्या ड्राइव्हवर काही लिहू देत नाही.

मग लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून इन्स्टॉल न करता लिनक्स चालतं) जीपार्टेड उघडा. विंडोजचं मोठं एनटीएफएस पार्टिशन, १६ एमबीचं रिझर्व्ह्ड आणि रिकव्हरी पुसा. ईएफआय पार्टिशन इथेही ठेवायचंच, लिनक्सही त्यातूनच सुरू होतं. मोकळी जागा बहुतेक लिनक्सच्या डावीकडे निघते, म्हणजे परत सरकवण्याचा मोह. त्याऐवजी तिथे नवं ईएक्सटी४ पार्टिशन करा आणि फाइली ठेवायला वापरा. शेवटी लिनक्समध्ये येऊन टर्मिनलमधून सुडो (अ‍ॅडमिनचा अधिकार देणारा शब्द) लावून अपडेट-ग्रब चालवा, मेनू नव्याने तयार होईल. यूईएफआय मशीनवर ईएफआय पार्टिशनमधल्या फाइलींमुळे विंडोजचं नाव तरीही दिसू शकतं.

विंडोज काढल्यावर लिनक्स सुरू व्हायला दीड मिनिट घेतंय. कधी तर 'इमर्जन्सी मोड' येतो.

सुरू होताना कोणती पार्टिशन जोडायची याची यादी एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये असते. तुम्ही पुसलेला ड्राइव्ह किंवा स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) त्या यादीत अजून आहे. लिनक्स त्याची ९० सेकंद वाट बघतं, मग हार मानतं. फाइलची आधी कॉपी ठेवा, ती ओळ शोधा आणि तिच्यापुढे हॅशचं चिन्ह लावा. ओळ उडवू नका, चिन्ह लावलं की पुरे. चुकलं तर चिन्ह काढून परत येता येतं.

यापेक्षा सगळं पुसून एकच सिस्टिम नव्याने टाकलेली बरी नाही का?

पुष्कळदा बरी. मशीन तीन-चार वर्षं जुनं असेल, चार-पाच पार्टिशनांची खिचडी झाली असेल, एसएसडी नवीनच टाकायची असेल, तर मीही तेच करतो. बॅकअप पक्का असेल तर दोन तासांत स्वच्छ मशीन मिळतं. फक्त ज्या डिस्कवर टाकायचं ती सोडून बाकीच्या डिस्कच्या केबल आधी काढा. 'इरेज डिस्क' म्हणताना डिस्क एकच दिसत असेल तर चूक व्हायला जागा राहत नाही.

विंडोज काढलं तर त्याचं लायसन्स बुडेल का?

नाही. विंडोज ८ पासूनच्या ब्रँडेड लॅपटॉपची की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते, आणि डिजिटल लायसन्स त्या मदरबोर्डशी जोडलेलं असतं. उद्या तीच आवृत्ती परत टाकली की आपोआप चालू होते. वेगळी विकत घेतलेली की असेल तर ती मात्र लिहून ठेवा.

जुन्या मराठी फाइली लिनक्समध्ये उघडल्या तर भलतीच अक्षरं दिसतात.

फाइल खराब नाही. शिवाजी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या सुरेख, योगेशसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुरात मुळात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात. मराठीचं रूप त्यांना फॉन्ट देतो. फॉन्ट नसला की उघडी पडतात ती हीच अक्षरं. म्हणून विंडोज पुसण्याआधी फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्ट काढून घ्या आणि लिनक्समध्ये टाका, जुन्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये वाचता येतील. फॉन्ट मिळाले तरी टाइप करणं जमेलच असं नाही, कारण त्याचं की-बोर्डचं सॉफ्टवेअर विंडोजचं असतं. पुढचं काम युनिकोडमध्येच करा. इन्स्क्रिप्ट की-बोर्ड दोन्हीकडे सारखाच आहे, हात बदलावा लागत नाही.

चुकून दुसरंच पार्टिशन पुसलं. आता?

हात बाजूला घ्या. नवं पार्टिशन करू नका, फॉरमॅट करू नका, त्या डिस्कवर काही टाकू नका. पार्टिशन पुसलं म्हणजे यादीतली नोंद गेली, मजकूर बहुतेक तिथेच असतो. दुसऱ्या मशीनला लावून टेस्टडिस्क या प्रोग्रामने नोंद परत आणता येते. एसएसडी असेल आणि पुसल्यावर फॉरमॅटही केलं असेल तर मात्र आशा कमी, कारण ट्रिम ही एसएसडीची सफाईची सोय त्या जागा खरंच मोकळ्या करते.

हे काम केव्हा काढावं?

सेवा केंद्र असेल तर जून-जुलैत मुळीच नको. तेव्हा दाखल्यांची आणि पीक विम्याची गर्दी असते, एक दिवस मशीन बंद राहिलं तर लोकांचे हेलपाटे होतात. दिवाळीच्या सुट्टीत करा. विद्यार्थ्यांनी परीक्षेचा फॉर्म भरून, हॉलतिकीट काढून झाल्यावर. बॅकअपला एक संध्याकाळ, आठ दिवसांची परीक्षा, आणि पुसायला अर्धा तास, असं धरून चला.

घड्याळ साडेपाच तास मागे दाखवतंय.

मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहून ठेवतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं. म्हणून सकाळी दहाला साडेचार दिसतात. आता विंडोज एकटंच उरलं असेल तर वेळेच्या सेटिंगमध्ये एकदा 'सिंक नाऊ' दाबा, परत बिघडणार नाही. लिनक्स एकटं उरलं असेल आणि विंडोजसाठी पूर्वी त्यात लोकल टाइम लावला असेल तर तो पुन्हा यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ, करा. वेळेबरोबर तारीखही दर वेळी जुन्या सालातली येत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा गोल सेल उतरलाय, तो बदला.